पिलाटेसचा १० मिनिटांचा व्हिडिओ आणि पोटाचे स्नायू : चालू ठेवू की बंद करू?

मांजराकाठची | १९ जानेवारी, रात्री १०:२०

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात निघालो होतो. आंबिलाचं मडकं डोक्यावर होतं. बांधावर पाय टाकायला आणि कंबरेत उसण भरायला एकच गाठ पडली. सगळे कोपीपाशी पूजा करून भज्जी-उंडे खायलेत आणि मी कडब्यावर आडवी. धाकटं लेकरू दीड वर्षाचं आहे, दोन्ही वेळा सिझर झालंय. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मणक्यात काही नाही, पोटाचे स्नायू सैल पडलेत, व्यायाम करा. कोणता करायचा हे विचारायचं राहूनच गेलं.

बहिणीनं पुण्याहून पिलाटेसचा, म्हणजे श्वासाच्या तालावर जमिनीवर करायच्या व्यायामांचा, १० मिनिटांचा व्हिडिओ पाठवला. आधी 'हंड्रेड', म्हणजे पाठीवर पडून डोकं-खांदे आणि पाय उचलायचे अन् हात शंभर वेळा वरखाली करायचे. मग एकेक गुडघा छातीशी. मग कोपर आणि उलटा गुडघा. मग झोपल्या जागेवरून एकेक मणका सोडवत उठून बसायचं. शेवटी हात-पाय दोन्ही वर आणि अंग फक्त बैठकीवर तोललेलं, त्याला 'टीझर' म्हणते ती बाई.

उसण उतरल्यावर आठ दिवस नेमानं केलं. मान आखडली. कंबर जमिनीवरून उचलली जाते. पोटाला मात्र काहीच जाणवत नाही. आणि एक गोष्ट बघून भ्याले : डोकं उचललं की बरगडीखालून बेंबीपर्यंत मधोमध उभा उंचवटा येतो, तंबूच्या काठीसारखा. हे काय आहे? मी औशाला राहते. लातूर २० किलोमीटर, पण शाळा आणि दोन लेकरं सांभाळून रोज जाणं होत नाही. रात्री नऊनंतरच काय तो वेळ मिळतो.

पैठणगेट | १९ जानेवारी, रात्री ११:०५

ताई, मी रोज १०० क्रंचेस (पाठीवर पडून डोकं-खांदे उचलायचे) मारतो, दोन वर्षं झाली. सुरुवातीला सगळ्यांचीच मान दुखते. पोट जळजळल्याशिवाय स्नायू बनत नाही. सोडू नका.

गोदातीर | २० जानेवारी, सकाळी ६:४०

मी नांदेडला फिजिओथेरपिस्ट आहे. मांजराकाठची ताई, डोकं उचलायचे सगळे प्रकार आजपासून थांबवा. बाकी व्यायाम थांबवू नका. व्हिडिओत दोष नाही. ज्याच्या पोटाला आधीपासून बळ आहे त्याच्यासाठी तो बनवलाय आणि तुम्ही त्याच्या दोन पायऱ्या खाली उभ्या आहात.

तो उंचवटा काय आहे ते आधी सांगते. पोटाला स्नायूंचे चार थर असतात. सगळ्यात वर, मधोमध, छातीपासून खाली जांघेच्या मधल्या हाडापर्यंत दोन उभे पट्टे. बाजूंना दोन तिरपे थर, एकाचे धागे दुसऱ्याच्या विरुद्ध दिशेला. आणि सगळ्यात आत आडवा थर, पाठीकडून निघून कंबरेभोवती उपरणं गुंडाळावं तसा पुढं येणारा. त्याचं इंग्रजी नाव ट्रान्सव्हर्सस. दोन उभ्या पट्ट्यांना जोडणारी मधली पांढरी पट्टी गरोदरपणात ताणते. बऱ्याच जणींची नंतरच्या काही महिन्यांत पुष्कळशी जवळ येते, काहींची रुंदच राहते. ती रुंद असताना डोकं उचललं की आतला दाब तिथून वर येतो. तोच तुमचा उंचवटा. काही फाटलेलं नाही, घाबरू नका. पण रोज तोच दाब तिथंच देत राहिलात तर पट्टीला सावरायला वेळ मिळत नाही.

आता घरीच बघा. पाठीवर पडा, गुडघे दुमडा. एका हाताची बोटं बेंबीच्या वर आडवी ठेवा आणि डोकं फक्त उशीवरून सुटेल इतकं उचला. दोन्ही बाजूंचे पट्टे बोटांना लागतील. मध्ये किती बोटं मावतात ते मोजा. बेंबीच्या दोन बोटं वर, बेंबीवर आणि दोन बोटं खाली, असं तीन ठिकाणी. रुंदीइतकंच खोलीलाही महत्त्व आहे : बोटं गच्च लागतात की दह्यात गेल्यासारखी आत जातात? दोन बोटं किंवा जास्त भरलं तर त्याला डायस्टॅसिस म्हणतात. बेंबीपाशी दुखरी गाठ असेल किंवा झोपल्यावरही आत जात नसेल, तर ते हर्नियाचं लक्षण असू शकतं. मग व्यायाम बाजूला ठेवून सर्जनकडं जायचं.

पैठणगेट, तुमचं वय आणि तुमचं पोट वेगळं आहे, तुम्हाला ते चालतंय. पण जळजळ ही वरच्या पट्ट्यांची असते. आतला आडवा थर जळजळत नाही. तो काम करतो तेव्हा फार तर पोटाला कुणी हलका पट्टा आवळल्यासारखं वाटतं.

औंढ्याची_काकू | २० जानेवारी, दुपारी २:१५

आमच्या वेळेला बाळंतिणीचं पोट सव्वा महिना बांधायचे. जुन्या नऊवारीची पट्टी, वरून शेक. माझी चार बाळंतपणं झाली, कंबर कधी धरली नाही. आताच्या पोरी पोट बांधत नाहीत म्हणून हे सगळं होतंय असं मला मनापासून वाटतं.

गोदातीर | २० जानेवारी, रात्री ९:३०

काकू, पट्ट्यानं सुरुवातीच्या दिवसांत आधार मिळतो हे खरं आहे. सिझरच्या टाक्यांना, खोकताना-उठताना तर बरंच वाटतं. फक्त तो फार आवळला तर पोटातला दाब खाली, ओटीपोटाच्या तळावर जातो. आणि महिनोन् महिने बांधून ठेवला तर स्नायूचं काम कापडच करतं. तुमची कंबर टिकली त्यात तुमच्या रोजच्या जात्याचा, पाण्याचा आणि खाली बसून केलेल्या कामाचाही वाटा असणार.

मांजराकाठची | २० जानेवारी, रात्री १०:१०

मोजलं. बेंबीवर तीन बोटं, वर अडीच, खाली एक. गाठ नाही. बोटं आत जातात, दह्यासारखं नाही पण मऊ लागतं. आता करू काय ते सांगा ताई. काहीतरी करायचंच आहे मला. धाकट्याला कडेवर घेतलं की दहाव्या मिनिटाला कंबर बोलायला लागते.

गोदातीर | २१ जानेवारी, सकाळी ६:२०

सगळं श्वासापासून सुरू होतं, म्हणून त्यावर जास्त लिहिते.

चुलीत जाळ फुंकलाय कधी? फुंकणी तोंडाला लावून लांब फुंकर मारली की बेंबीखालचं पोट आपोआप आत आणि वर जातं. तुम्ही ते ओढत नाही, ते जातं. तोच आडवा थर. पिलाटेसमध्ये ती बाई जे 'स्कूप' म्हणते ते हेच आहे. पाठीवर पडा, गुडघे दुमडा, पावलं जमिनीवर. नाकानं श्वास घ्या, बरगड्या दोन्ही बाजूंना छत्रीसारख्या उघडू द्या. मग फुंकणीतून फुंकल्यासारखा श्वास सोडा. सोडता सोडता लघवी रोखताना जो भाग वर ओढला जातो तोही हलकेच वर घ्या. (हे फक्त ओळखण्यासाठी सांगितलं. प्रत्यक्ष लघवी करताना धार अडवायचा सराव करू नका.) पुढचा श्वास घेताना सगळं सैल सोडायचं. असे दहा श्वास.

पाठ कशी ठेवायची? दोन्ही तळहात ओटीपोटावर असे ठेवा की मनगटं कंबरेच्या पुढच्या हाडांवर आणि बोटांची टोकं खालच्या मधल्या हाडावर येतील. तो त्रिकोण सपाट पाहिजे. त्यावर आंबिलाची वाटी ठेवली तर सांडू नये, ना बेंबीकडं, ना पायाकडं. व्हिडिओत 'न्यूट्रल' म्हणतात ते हेच.

ते जमलं की टाच सरकवणं. पायात मोजे घाला आणि फरशीवर करा. फुंकर मारत एक टाच हळूहळू लांब न्या, श्वास घेत परत आणा. वाटी सांडायला लागली की तिथंच थांबा, तुमची हद्द तिथं आहे. एका पायानं आठ वेळा, मग दुसऱ्यानं. शेवटी पूल : फुंकर मारत बैठक उचला, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत उतार धरा, सावकाश एकेक मणका खाली ठेवा. आठ वेळा. एवढ्यात दहा मिनिटं होतात. दोन आठवडे हेच करा.

आणि व्यायामाइतकंच महत्त्वाचं म्हणजे झोपेतून सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, मग हाताच्या रेट्यानं उठा. लेकरू उचलताना, बादली उचलताना आधी फुंकर सुरू करा, मग उचला. दिवसातून चाळीस वेळा तुम्ही काही ना काही उचलता. व्यायाम दहाच मिनिटं चालतो.

जालन्याचा_चालक | २३ जानेवारी, रात्री ११:४०

मी गाडी चालवतो, दिवसाला आठ-नऊ तास सीटवर. वय ४६. पोट पुढं आलंय, कंबर धरलीय. हा व्हिडिओ पुरुषांनी केला तर चालतो का? आणि पोट किती दिवसांत उतरेल? मुक्कामाच्या ठिकाणी खोलीत चार जण असतो, पण सतरंजी टाकण्याइतकी जागा निघते.

अंबाजोगाईकर | २४ जानेवारी, सकाळी ७:०५

दादा, हा व्यायाम शोधणारा माणूस पुरुषच होता. जोसेफ पिलाटेस, जन्म १८८३, जर्मनीतला. लहानपणी दमा आणि मुडदूस असलेलं अशक्त पोर, मोठेपणी बॉक्सिंग करणारा. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये होता. जर्मन म्हणून त्याला नजरकैदेत टाकलं, शेवटी आयल ऑफ मॅन नावाच्या बेटावर. तिथल्या कैदेतच त्यानं आपली पद्धत घडवली. पुढं १९२६ च्या सुमाराला तो न्यूयॉर्कला गेला आणि पत्नी क्लारासोबत व्यायामशाळा काढली. दुखापत झालेले नर्तक तिथं यायला लागले आणि त्यांच्याबरोबर ही विद्या पसरली. तो स्वतः तिला 'कंट्रोलॉजी' म्हणायचा. १९४५ च्या त्याच्या पुस्तकात जमिनीवरचे ३४ व्यायाम आहेत आणि पहिला हंड्रेडच आहे : पाच मोजेपर्यंत श्वास आत, पाच मोजेपर्यंत बाहेर, अशी दहा आवर्तनं म्हणजे शंभर.

मी वीस वर्षं योगवर्ग घेतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, नौकासनाला नवं नाव दिलंय. घरी चार दिवस करून बघितलं तेव्हा फरक कळला. आपण आसनात थांबतो, इथं श्वासाच्या तालावर हलत राहायचं असतं. फुंकरीबरोबर पोट आत जातं त्याला काही जण उड्डियान बंध म्हणायलेत, ते बरोबर नाही. उड्डियानात श्वास पूर्ण सोडून बाहेरच रोखतात आणि मग पोट ओढतात. इथं श्वास कधीच रोखायचा नाही. रक्तदाब असलेल्यांनी हा फरक पक्का लक्षात ठेवावा, कारण जोर लावताना श्वास कोंडला की दाब एकदम चढतो.

गोदातीर | २४ जानेवारी, रात्री ९:५०

सर, छान सांगितलंत.

चालक दादा, तुम्हाला खरं ते सांगते. पोटाचा व्यायाम केला म्हणून पोटावरचीच चरबी उतरत नाही. चरबी सगळ्या अंगाची मिळून कमी होते, आणि ती जेवण, चालणं आणि झोपेवर ठरते. बेंबीच्या पातळीवर टेप लावून घेर मोजा. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या वर आणि बायकांना ८० च्या वर गेला की साखर-रक्तदाबाचा धोका वाढतो असं मानतात. जास्त असेल तर दोन्ही तपासून घ्या. आठवड्याला १५० मिनिटं तरी भरभर चालणं हवंच, गाडी उभी असेल तेव्हा स्टँडभोवती फेऱ्या मारा.

पण कंबरेसाठी हा व्यायाम नक्की करा. तासन्‌तास बसून मांडीच्या सांध्यापुढचे स्नायू आखडतात. त्यातला एक थेट कंबरेच्या मणक्यांना चिकटलेला असतो. म्हणून पाय उचलून खाली नेताना पोट कमी पडलं की तोच स्नायू कंबर वर ओढतो. तुम्ही गुडघे दुमडूनच करा. खुर्चीवर पोटऱ्या टेकवून पडा आणि तिथून एकेक पाऊल वर उचला, पुन्हा टेकवा.

बालाघाट | २६ जानेवारी, दुपारी १२:३०

हा धागा दोनदा वाचला. माझी आई ४३ वर्षांची आहे, ऊसतोडीला जाते. आत्ता ती आणि वडील फडातच आहेत, कोयता लागलाय, मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलीय तर मधे येता येत नाही. ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. तिची गर्भपिशवी ३२ व्या वर्षी काढली. त्या वेळी कुणी नीट समजावून सांगितलं नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशवीच्या ऑपरेशनांवरून राज्य सरकारनं समिती नेमली तेव्हा मी कॉलेजात होते. बातम्या वाचून पहिल्यांदा कळलं की हे फक्त आमच्या घरात झालेलं नाही.

तिची कंबर सतत दुखते. खोकलं की लघवी होते. ओटीपोटात जड वाटतं म्हणते. फोनवर तिला हा व्हिडिओ पाठवू का? सकाळी चारला उठणाऱ्या बाईला व्यायाम कर म्हणायला मला जीभ उचलत नाही.

गोदातीर | २६ जानेवारी, रात्री १०:१५

ताई, व्हिडिओ पाठवू नका. उठून बसण्याचे, पाय उचलण्याचे व्यायाम त्यांनी करायचेच नाहीत. जडपणा आणि खोकताना लघवी यावरून ओटीपोटाचा तळ सैल झालेला दिसतो. 'अंग बाहेर येणं' (ओटीपोटातले अवयव खाली उतरणं) म्हणतात त्याची सुरुवात आहे का हे स्त्रीरोग डॉक्टरांनी तपासून सांगायला पाहिजे. पिशवी काढलेल्यांनाही ते होतं. आणि पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर इतक्या लवकर हाडं विरळ व्हायला लागतात. विरळ हाडांना पुढं गोल वाकून केलेले व्यायाम धोक्याचे असतात, मणक्याला चेप बसू शकते. ऑपरेशनचा कागद घरात असेल तर आधी तो शोधा, त्यावर काय काय काढलं ते लिहिलेलं असतं.

त्यांना फक्त फुंकर शिकवा. वेगळा वेळ लागत नाही. मोळी उचलायच्या आधी श्वास घ्यायचा, उचलताना लांब सोडायचा, खालचा भाग वर घ्यायचा. फळी चढताना श्वास कोंडायचा नाही. आणि रात्री पडल्यावर पोटऱ्या कशावर तरी टेकवून दहा श्वास. व्यायाम कर म्हणू नका, पाठीला आराम म्हणून सांगा. पट्टा पडला, म्हणजे तोडीचा हंगाम संपला, की पहिल्यांदा तपासणी.

पैठणगेट | २७ जानेवारी, सकाळी ९:००

बालाघाट ताई, वाचून रात्री झोप आली नाही. गोदातीर ताई, तुम्ही सांगितलेलं टाच सरकवणं हळू करून बघितलं. आठव्या वेळेला माझी पाठ उचलली गेली. दोन वर्षं क्रंचेस मारूनसुद्धा. मांजराकाठची ताईंना मी चुकीचा सल्ला दिला होता.

मांजराकाठची | १६ फेब्रुवारी, रात्री ९:४५

चार आठवडे झाले. पहिले दोन आठवडे सांगितलं तेवढंच केलं. सुरुवातीला वाटायचं, यात काय व्यायाम? घामसुद्धा येत नाही. तिसऱ्या आठवड्यात वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता जाणवलं की मी एका पायावर भार टाकून वाकडी उभी नाही. धाकट्याला घेऊन बाजारातून घरापर्यंत आले, कंबर दुखली नाही.

व्हिडिओवाल्यांसाठी दोन गोष्टी. एक, फोन बाजूला ठेवून मान वळवून बघत बघत करू नका, निम्मी मान त्यानंच आखडते. आधी बसून दोनदा नीट बघा, मग फोन उशाशी ठेवून फक्त ऐकत करा. दोन, ती बाई जेवढ्या वेगानं मोजते तेवढ्यानं करायची सक्ती नाही. मी तिच्या सोळाच्या जागी आठ करते, अर्ध्या वेगानं. आमच्याकडं वीज जाते तेव्हा नेटही जातं, म्हणून डाउनलोड करून ठेवलाय.

बेंबीवर आता सव्वादोन बोटं आणि तळ गच्च लागतो. हंड्रेड चालू करू का?

गोदातीर | १७ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

मन भरून आलं वाचून. तळ गच्च लागतोय हे रुंदीपेक्षा मोठं आहे.

हंड्रेड करा, पण पोटऱ्या खुर्चीवर, डोकं खालीच, वाकळीची घडी मानेखाली. फक्त हात हलवायचे आणि श्वास पाच आत, पाच बाहेर. चार आवर्तनांपासून सुरू करा, म्हणजे चाळीस. आठवड्याला एक आवर्तन वाढवा. डोकं उचलायचं तेव्हा एक हात डोक्यामागं आधाराला, नजर मांड्यांकडं. एक हात पोटावर ठेवून बघा, उंचवटा आला तर अजून वेळ आहे. डोक्याचं वजन चार-पाच किलो असतं. पोट तयार नसेल तर ते सगळं मानेवर येतं, तुमचं तेच झालं होतं. टीझरचा विचार या वर्षी नको.

जालन्याचा_चालक | ९ मार्च, रात्री १०:५५

घेर १०१ होता, आज ९९. साखर तपासली, काठावर निघाली, औषध नाही पण डॉक्टरांनी तीन महिन्यांनी परत बोलावलंय. रोज ३० मिनिटं चालतो. कंबरेचं दुखणं निम्म्यानं कमी आहे. खोलीतले आणखी दोघं आता माझ्यासोबत सतरंजी टाकतात.

बालाघाट | ५ एप्रिल, रात्री ८:३०

पट्टा पडला, आई परवा घरी आली. आज जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. कागद सापडला होता : दोन्ही अंडाशयं काढलेली आहेत. मला माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं. अंग बाहेर यायची सुरुवात आहे, पहिली पायरी म्हणाल्या डॉक्टरीण बाई, ऑपरेशन लगेच लागत नाही. हाडांची तपासणी लिहून दिलीय. तिथल्या फिजिओ ताईंनी तिला झोपवून श्वास सोडायला सांगितला आणि पोटावर हात ठेवून विचारलं, हे कुणी शिकवलं? आई म्हणाली, लेकीनं फोनवर.

खोकल्यावर होणारं आता पहिल्यापेक्षा कमी आहे असं तिनंच दवाखान्यात सांगितलं. मला कधी बोलली नव्हती.

गोदातीर ताई, पूल तिला चालेल का ते विचारायचं राहून गेलं. पुढच्या मंगळवारी परत बोलावलंय.

गोदातीर | ५ एप्रिल, रात्री ९:१०

चालेल. पाठ गोल न करता, सरळ उचलून सरळ ठेवायची, तळहाताएवढीच वर. तरी मंगळवारी त्या ताईंसमोर एकदा करून दाखवा. आणि दुधाचं, तिळाचं, नाचणीचं पोटात जाऊ द्या, सकाळच्या उन्हात बसू द्या त्यांना. या महिन्यात हंडा तुम्ही उचला.